न मोजलेला टँकर

वाडी, नागपूर
२६ फेब्रुवारी २०२०

दामिनी बेटा,

आशीर्वाद तं तुले जन्मापासून देऊनच राहिलो, त्यात नवीन काय लिहू? तुझी काकू म्हणत होती, पोरगी रागावली, काकाजी फोनवर बोलत नाही म्हणून. अवं, तेहतीस वर्षं पंपाच्या मशिनीपाशी उभं राहून कान अर्धे गेले माझे, फोनवरचं काही समजत नाही. तू तिकडून काही सांगते अन् मी इकडं नुसता 'हाव, हाव' करतो. त्यापेक्षा पत्र बरं. वाचता तं येते मले अजून.

आता खबर ऐक. काल तुझ्या काकानं चोर पकडला!

सकाळी डिझेलचा टँकर आला. ड्रायव्हर संघपाल, आपल्या धोंडबाचा पोट्टा. धोंडबा तुले आठवत असंन, वीस वर्षं माझ्यासंगं याच पंपावर होता, आता कन्हानले घरी बसला आहे. मी झाकण उघडलं, वास घेतला. वासच नाही बाप्पा! दोन बोटं बुडवून चोळून पायली. रंग पाण्यावानी, चिकटपणा कमी. म्हटलं, झालं, रस्त्यात माल काढला अन् दुसरंच काही ओतलं यानं. पोट्टा म्हणते, "काकाजी, नवीन माल आहे, डेपोतूनच असा निघाला." मी म्हटलं, तुझा बाप मले शिकवत नव्हता, तू काय शिकवतं गा? पंधरावीस ड्रायव्हर उभे होते. सगळ्यांसमोर त्याले चोर म्हटलं अन् टँकर तसाच वापस पाठवला. त्याच्या ट्रान्सपोर्टवाल्यानं संध्याकाळीच त्याले काढून टाकलं. एवढंच नाही, बाकी ट्रान्सपोर्टवाल्यांलेही फोन करून सांगतलं म्हणे.

धोंडबासाठी वाईट वाटलं. पण चोरी ते चोरी. आपले मालक पियुषबाबू सगळ्यांसमोर म्हणाले, रुपरावजींचं नाक म्हणजे लॅबोरेटरी. म्हणजे तुझा काका अजून कामाचा आहे.

तू तिकडं रिफायनरीत नवीन मशिनी बसवून राहिली म्हणते. कसं चालू आहे? अन् असं बिनवासाचं डिझेल कधी पायलं का तू?

तुझा,
रुपराव काका


रिफायनरी वसाहत
५ मार्च २०२०

ती. काकाजी,

तुमचं पत्र मी उभ्याउभ्याच वाचलं आणि मग खाली बसले.

काकाजी, ते डिझेल बरोबर होतं. तेच नवीन डिझेल आहे. एक एप्रिलपासून देशभर तेच विकायचं, म्हणून डेपोंमध्ये आधीपासून यायला लागलंय. गेली तीन वर्षं मी ज्या विभागात राबतेय ना, त्याचं कामच हे. डिझेल तापवून, हायड्रोजनच्या प्रचंड दाबाखाली त्यातलं गंधक ओढून काढायचं. आधी दहा लाख भागांत पन्नास भाग गंधक चालायचं, आता फक्त दहा. काढलेलं गंधक पिवळं धमक होऊन बाहेर पडतं, ते खतवाले नेतात. ज्या वासावर तुम्ही तेहतीस वर्षं डिझेल ओळखलंत, तो वास बराचसा या गंधकाचा होता. तो आम्ही काढून टाकलाय. रंगही त्यामुळेच फिका झाला.

जुन्या विभागात आमची माणसं डोकं धरून, डोळे चोळत बाहेर यायची. तो विभाग पाडला तेव्हा आम्ही पेढे वाटले. तेव्हा मला काय माहीत, आमच्या पेढ्यांची किंमत वाडीत कुणीतरी मोजेल!

डेन्सिटी मोजली होती ना तुम्ही? ती चलानवरच्या आकड्याशी जुळत असेल तर माल शंभर टक्के खरा. आजच्या आज पियुषबाबूंना सांगा. संघपालचं काम गेलंय काकाजी, एकेक दिवस महत्त्वाचा आहे.

नव्या डिझेलची माहिती देणारं पत्रक सगळ्या पंपांना गेलं होतं. इंग्रजीत होतं बहुतेक. तुमच्यापर्यंत पोचलं नसेल.

दामिनी


वाडी
१४ मार्च २०२०

दामिनी,

पत्र भेटलं. तू शिकली सवरली, मोठ्या मशिनीवर आहे, आम्हाले आनंदच आहे. पण सात वर्षांची असताना तुले मीच पंपावर आणलं होतं, अन् हे पेट्रोल, हे डिझेल, हे घासलेट, असं वासावर मीच शिकवलं होतं. आता तू मले सांगून राहिली की माझं नाक खोटं अन् तुमची मशीन खरी.

डेन्सिटीचं म्हणशील तं मोजली. कमी भरली. म्हणूनच वापस पाठवला. खालीपिली कोणाच्या पोटावर पाय देणारा माणूस आहे का मी?

पत्रक आलं होतं. पियुषबाबूच्या ऑफिसात भिंतीले चिकटवलं आहे. चार पानं, सगळं इंग्रजी. त्याची मीटिंगही झाली होती, मी मागच्या खुर्चीवर चहा पिऊन आलो. आता या वयात काय मीटिंगा करायच्या?

संघपालचं म्हणशील तं त्याले वाडीतच गोदामावर काम भेटलं आहे, पोते उचलायचं. उपाशी नाही तो. धोंडबानं त्याले घराबाहेर काढलं असं ऐकलं. ते त्याच्या घरचं आहे, त्यात आपण काय बोलावं?

एकतीस तारखेले माझा निरोपसमारंभ ठेवला आहे पियुषबाबूनं. शाल, श्रीफळ, फोटो. आता मधात हे काढून काय करायचं आहे? झालं ते झालं. तू येशील का समारंभाले, ते कळव.

काका


रिफायनरी वसाहत
२० मार्च २०२०

ती. काकाजी,

रागावू नका. पण मोजली असेल तर आकडा रजिस्टरमध्ये असेल. किती भरली? मला आकडा कळवा. मी इथल्या चाचणीशी ताडून पाहते. खरोखर कमी असेल तर मी तुमची माफी मागेन.

आणि आणखी एक. त्या आठवड्यात तुमच्याकडे दुसरेही टँकर आले असतील. ते सगळे याच नव्या मालाचे असणार, सगळे बिनवासाचे. त्यांचं काय केलंत?

मागच्या पत्रात मी एक लपवलं, ते आज लिहिते, नाहीतर तुम्हाला विचारायचा मला हक्क नाही. 'इंग्रजीत होतं बहुतेक' असं लिहिलं ना मी? बहुतेक काय, ते पत्रक मीच लिहिलंय. चार पानं. पहिल्या तीन पानांत आमच्या नव्या विभागाचं कौतुक, आकडे, आलेख. वास आणि रंग बदलेल, हे चौथ्या पानावर, बारीक अक्षरात. साहेबांनी विचारलं होतं, स्थानिक भाषांत करायचं का? मी म्हटलं, "पंपावर कोण वाचतं सर? मॅनेजर लोक सांगतील त्यांना." असं म्हटलं मी. माझा काका पंपावर असताना.

आणि खरं सांगू? इथे कुणी विचारलं की मी सांगते, माझे काका इंधन व्यवसायात आहेत. पंपावर आहेत असं एकदाही म्हटलं नाही. नऊ वर्षं झाली.

हे लिहिताना तोंड लपवावंसं वाटतंय. तुम्हीच वडिलांच्या जागी होतात. पत्राचं उत्तर लवकर द्या.

दामिनी


वाडी
४ ऑक्टोबर २०२०

दामिनी बेटा,

सहा महिने उत्तर दिलं नाही. आधी लॉकडाऊन लागला, टपाल बंद, हे खरं आहे. पण टपाल तं जूनमधीच सुरू झालं होतं. मी कागद घ्यायचो अन् ठेवून द्यायचो. काकू म्हणायची, पोरीले लिहा. मी म्हणायचो, शाई संपली. शाई कसली वं, बॉलपेननं लिहितो मी.

आता लिहितो. एका दमात लिहितो, नाही तं पुन्हा राहून जाईन.

मी मोजली नव्हती. तुले खोटं लिहिलं. बहुतेक टँकरची डेन्सिटी मी कधीच मोजत नव्हतो. वास घ्यायचा, अन् रजिस्टरमधी चलानवरचा आकडा उतरवून सही ठोकायची. किती वर्षं असंच चालू होतं. सगळ्यांले माहीत होतं. पियुषबाबूले, त्याच्या बापाले, धोंडबाले. रुपरावनं वास घेतला म्हणजे झालं.

तू विचारलं, दुसऱ्या टँकरचं काय केलं? ते वाचलं अन् तुझं पत्र गादीखाली ठेवून दिलं. तुले माहीत नव्हतं तू काय विचारून राहिली.

संघपालच्या दुसऱ्या दिवशी गोलू भोयर टँकर घेऊन आला. काटोलकडचा, आपल्या सोयऱ्यातला, आपल्यातला पोट्टा. मी झाकण उघडलं. तसंच. वास नाही, रंग नाही. माझ्या तोंडात शब्द आला होता, पण बाहेर नाही निघाला. मनात आलं, हा चांगल्या घरचा पोट्टा आहे, हा असं कसं करंन? मोजून तं पाहू. ऑफिसातून डेन्सिटी मोजायची काचेची नळी, हायड्रोमीटर, काढला, पुसला, मोजलं. चलानवरच्या आकड्याशी एकदम बरोबर जुळलं. गोलू म्हणाला, "काय झालं काकाजी?" म्हटलं, काही नाही, कर खाली.

दामिनी, तिथंच मले सगळं समजलं होतं. संघपालचा मालही बरोबर होता, ते समजलं. अन् दुसरंही समजलं. गोलूसाठी मी हायड्रोमीटर काढला. संघपालसाठी माझा हात ऑफिसाकडं गेलाही नाही. त्याचं नाव, त्याची वस्ती मले माहीत होती, अन् माझं तेवढ्यातच भागलं. ज्याच्या घरची भाकर मी वीस वर्षं खाल्ली, त्याच्या पोराले. मी स्वतःले लय मोकळ्या मनाचा समजत होतो. धोंडबाच्या डब्यात हात घालतो म्हणून लोकांले सांगत फिरत होतो. थू माझ्या जिंदगीवर.

अन् समजल्यावरही मी पत्र लिहिलं तुले, चोर पकडला म्हणून! हे गोलूचं २६ तारखेलेच सकाळी झालं होतं. संध्याकाळी बसून मी तुले तो बढाईचा कागद लिहिला. काहून लिहिला, मले सांगता येत नाही. तू 'शाब्बास काकाजी' म्हणशील अन् मग ते खरं होऊन जाईन, असं काही डोक्यात असंन.

आता एक विनंती. तुमच्या रिफायनरीच्या कागदावर लिहून दे की नवीन डिझेल असंच असते, यात ड्रायव्हरची चूक नाही. तो कागद मी पियुषबाबूले देतो. म्हणजे संघपालचं नाव साफ होईन अन् मले काही बोलावं लागणार नाही. एवढं कर बेटा.

रुपराव


रिफायनरी वसाहत
१५ ऑक्टोबर २०२०

ती. काकाजी,

कागद सोबत पाठवतेय, शिक्क्यासह. नवं डिझेल कसं दिसतं, कसा वास येतो, डेन्सिटी किती, सगळं मराठीत, एका पानावर. हे पत्रक आता विदर्भातल्या सगळ्या पंपांना जाणार आहे. मीटिंगमध्ये मी सगळ्यांसमोर सांगितलं की आधीचं पत्रक माझं होतं आणि त्यामुळे एका माणसाची नोकरी गेली. माझे काका वाडीच्या पंपावर आहेत, हेही सांगितलं.  मला रडू आलं, पण ते असो.

पण काकाजी, या पानात संघपालचं नाव मी टाकलेलं नाही. मुद्दाम टाकलं नाही. टाकलं असतं तर तुम्ही माझ्या कागदामागे लपला असता, आणि मी तुम्हाला लपू दिलं असतं, कारण माझा तुमच्यावर जीव आहे. रिफायनरीनं त्याला चोर म्हटलं नव्हतं. तुम्ही म्हटलंत.

पत्र वाचून तुमचा राग आला का, तर हो, आला. दोन दिवस जेवण गेलं नाही. तुमच्या कडेवर बसून मी माणसं ओळखायला शिकले असं मला वाटायचं. आता प्रत्येक गोष्ट तपासून पाहावी लागेल, तुमच्याकडून काय काय घेतलं ते. तरी तुम्ही लिहिलंत. न लिहिता दडपून टाकता आलं असतं.

जा त्याच्याकडे. मला नंतर लिहा.

दामिनी


वाडी
९ नोव्हेंबर २०२०

दामिनी बेटा,

गेलो.

आधी गोदामावर गेलो. संघपाल ट्रकमधून पोते उतरवत होता. वाळला आहे पोट्टा. मी घरून एक कागद लिहून नेला होता. 'गैरसमजातून श्री. संघपाल यांच्यावर आरोप झाला, त्याबद्दल दिलगीर आहे.' त्यानं हात पुसले, वाचला, अन् वापस दिला. म्हणाला, "कशाचा गैरसमज काकाजी? गोलूचा टँकर तुम्ही मोजला. माझा मोजला नाही. दुसऱ्याच दिवशी गोलूनंच सांगतलं मले."

म्हणजे त्याले फेब्रुवारीपासून माहीत होतं! आठ महिने तो माझ्या पंपापासून दोन फर्लांगावर पोते उचलत होता, अन् त्याले माहीत होतं. मी म्हटलं, मग तू येऊन भांडला काहून नाही गा? तो म्हणाला, "माझं कोणी ऐकलं असतं काय?" अन् पुन्हा पोत्याले हात लावला.

तिथंच पोत्यावर बसून मी दुसरा कागद लिहिला. 'मी डेन्सिटी मोजली नाही. दुसऱ्या दिवशी गोलू भोयरच्या टँकरची मोजली, तो माल सारखाच होता, बरोबर होता. हे समजूनही मी गप्प राहिलो. संघपाल निर्दोष आहे.' खाली सही, तारीख. त्याच्या दोन प्रती काढल्या. एक ट्रान्सपोर्टवाल्याले दिली, एक पियुषबाबूले. पियुषबाबू म्हणाला, "रुपरावजी, गैरसमज एवढंच लिहा ना, पंपाचं रजिस्टर काहून उघडं पाडता?" म्हटलं, नाही. मार्चमधला समारंभ लॉकडाऊनमुळे राहिला होता, तोवर मी कामावरच होतो, अन् तो दिवाळीआधी करायचं ठरलं होतं. शाल राहू द्या म्हटलं, माणसं तेवढी बोलवा. परवा सगळे ड्रायव्हर जमले, त्यांच्यासमोर तो कागद मी वाचला. गोलूही होता, मान खाली घालून उभा होता. वाचून झाल्यावर सगळे एकेक करून निघून गेले. पियुषबाबूनं त्याच संध्याकाळी सांगतलं, आता येत नका जाऊ.

ट्रान्सपोर्टवाल्यानं संघपालले बोलावणं पाठवलं. विचार करतो म्हणाला संघपाल. मी त्याले म्हटलं, आणखी काय करू, सांग. तो म्हणाला, "माझं राहू द्या. माझ्या बापाले सांगा. तो अजून तुमचंच खरं धरून बसला आहे. माझी बायको प्रेमिला, पोरं, कोणाशीच बोलत नाही."

काल सकाळच्या एसटीनं कन्हानले गेलो. धोंडबा दारात बसून होता. मले पाहून उठला, आनंदानं हात धरून खाटेवर बसवलं. मी तोंड उघडायच्या आधी त्यानं हात जोडले. म्हणाला, "रुपराव, माह्या पोरानं तुले खाली पाहायले लावलं. मी कोणत्या तोंडानं वाडीले येऊ म्हणून आलो नाही. माफ कर गा."

माझ्याजवळ तो माफी मागून राहिला, दामिनी! मले वाटलं, जमीन फाटली तं बरं. कागद काढला. अडखळत वाचला. वाचून झालं तं म्हणाला, "गोलूचं पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. "गोलूचं मोजलं?" हाव म्हटलं. "माह्या पोराचं नाही?" नाही म्हटलं.

धोंडबा मग उठला, सदरा घातला, मास्क लावला. "चाल, वाडीले चाल. मले त्याच्याकडं जायचं आहे."

एसटीत माझ्याशेजारी बसला नाही. पलीकडच्या सीटवर बसला. गाडी भरून होती, कामठीले आणखी भरली. तिथून पुढं गेल्यावर माझ्याकडं न पाहता त्यानं विचारलं, "रुपराव, वीस वर्षं आपण एका डब्यात जेवलो ना गा?"

हाव म्हटलं.

"मग माह्या पोराचंच काहून नाही मोजलं?"

घरून निघताना हेच ठरवलं होतं की हे तो विचारंन, अन् विचारलं तं खोटं बोलायचं नाही. तरी मी खिडकीकडं पायलं. मग हळू आवाजात सांगतलं. तो तुमच्यातला आहे म्हणून. गोलू आमच्यातला होता म्हणून.

धोंडबा माझ्याकडं वळला. म्हणाला, "ऐकू नाही आलं. मास्क खाली कर, अन् मोठ्यानं बोल."

बेटा, मी मास्क खाली केला अन् मोठ्यानं बोललो. सारी एसटी वळून माझ्याकडं पाहत होती.

रुपराव